राजा कारखान्यात येतो तेव्हा

युद्धकाळात राजा कारखाना बघायला आला की त्याचं छायाचित्र कसं निघतं, हे न बघताही सांगता येतं. मधोमध राजा. शेजारी मालक नाहीतर मॅनेजर. मागे हॅटवाली दहा-पंधरा बडी मंडळी. आणि चौकटीच्या एका कडेला यंत्रावर वाकलेला कामगार. मालक बोटाने काहीतरी दाखवतोय, राजा मान तिरकी करून यंत्राकडे बघतोय, बाकी सगळे राजाकडे बघताहेत आणि कामगाराची नजर खाली. चित्राखालच्या ओळीत राजाचं नाव असतं, कारखान्याचं असतं, कधीकधी मॅनेजरचंही असतं. कामगार मात्र असतो 'एक कामगार'.

मुलीच्या शाळेतल्या इतिहासाच्या प्रकल्पासाठी म्हणून मी अशी चित्रं बघायला बसलो. लंडनच्या इम्पीरियल वॉर म्युझियमचा आणि वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसचा मोठा संग्रह आता फ्रिस्कोतल्या आपल्या घरी बसून बघता येतो. मुलीचा प्रकल्प आठवड्यात संपला, माझं बघणं काही महिने चाललं. आणि एक गोष्ट मनात पक्की झाली, की आपण नाटकाचं किंवा सिनेमाचं परीक्षण लिहितो, तसं या भेटींचंही लिहायला हवं. कारण त्या नाटकंच आहेत. त्यांना संहिता आहे, नेपथ्य आहे, प्रेक्षक आहेत आणि रंगीत तालीम तर आहेच आहे.

तालमीबद्दल आधी सांगतो. अमेरिकेत येण्यापूर्वी पुण्याजवळच्या एका कारखान्यात मी तीन वर्षं काढली. तिथे मंत्री येणार म्हटलं की आठ दिवस आधी गेरू आणि चुना यायचा. झाडांची खोडं रंगायची, जमिनीवरचे पिवळे पट्टे नव्याने ओढले जायचे, आणि ज्या खात्यात सगळ्यांत जास्त धूर आणि आवाज, ते खातं नेमकं त्या दिवशी 'देखभालीसाठी' बंद असायचं. पाहुण्यांना दाखवायचा लेथ ठरलेला, त्यावर उभा राहणारा माणूस ठरलेला, त्याने काय सांगायचं तेही ठरलेलं. तुमच्यापैकी ज्यांनी पिंपरी-चिंचवड, ठाणे-बेलापूर किंवा सातपूरला नोकऱ्या केल्या त्यांना हे वेगळं सांगायला नको. इथल्या प्लेनोच्या काचेच्या इमारतीतही कंपनीचे मोठे साहेब यायचे असले की काय धांदल उडते, ते आपण बघतोच. गेरू नसतो एवढंच.

ही तालीम खुद्द राजघराण्यातल्या माणसांनाही ठाऊक नसते. १९४५ साली अठरा वर्षांची राजकन्या एलिझाबेथ ब्रिटिश सैन्याच्या महिला दलात ट्रक चालवायला आणि इंजिन दुरुस्त करायला शिकत होती. तिथे तिची आत्या पाहणीला आली. त्याआधी दिवसभर चाललेली झाडलोट आणि घासपूस बघून, आपले आईवडील जिथे जातात तिथे आधी काय घडत असेल, हे तिला पहिल्यांदा कळलं. तिच्या शिक्षिकेने, मॅरियन क्रॉफर्डने, हे आपल्या पुस्तकात लिहून ठेवलं आहे. म्हणजे नायकाची भूमिका ज्यांच्या घरात पिढीजात, त्यांनासुद्धा पडद्यामागे जायला युद्ध व्हावं लागलं!

या नाटकाचे पहिले मोठे प्रयोग झाले ते १९१५ साली, पंचम जॉर्जच्या काळात. त्या वसंतात आघाडीवर तोफगोळ्यांचा तुटवडा पडला आणि मे महिन्यात वर्तमानपत्रांनी तो चव्हाट्यावर मांडला. त्याआधी फेब्रुवारीत ग्लासगोजवळ, क्लाइड नदीकाठच्या कारखान्यांत, पगारवाढीसाठी संप झाला होता. कामगार दारू पितात म्हणून उत्पादन घटतं, असा राज्यकर्त्यांचा लाडका सिद्धांत होता. त्यावर राजाने एप्रिलमध्ये जाहीर केलं, की युद्ध संपेपर्यंत राजवाड्यात दारू बंद. मे महिन्यात स्वारी क्लाइडकाठी आली आणि तिथून पुढे ब्रिटनभरच्या कारखान्यांत हिंडत राहिली. आता यात राजाचाही स्वार्थ होताच. १९१७ च्या मार्चमध्ये त्याचा मावसभाऊ, रशियाचा झार, सिंहासनावरून उतरला. त्याच वर्षी जुलैमध्ये पंचम जॉर्जने आपल्या घराण्याचं जर्मन नाव टाकून 'विंडसर' हे इंग्रजी नाव घेतलं. कामगारांना राजाची गरज होती की नाही ठाऊक नाही, राजाला मात्र कामगारांची होती.

१९१७ च्या मे महिन्यात राजा-राणी स्कॉटलंडच्या सीमेवरच्या ग्रेटना इथल्या कारखान्यात गेले. हा तोफांसाठी कॉर्डाइट बनवणारा प्रचंड कारखाना, लांबी सुमारे नऊ मैल. तिथे बारा हजारांच्या आसपास बायका कामाला होत्या. नायट्रोग्लिसरीन आणि गनकॉटन हाताने कालवायचं हे त्यांचं काम. आर्थर कॉनन डॉइल तिथे जाऊन आला होता. त्या मिश्रणाला त्याने सैतानाची लापशी असं नाव दिलं होतं. भेटीच्या चित्रांत या बायका स्वच्छ गणवेशात, हसऱ्या चेहऱ्याने उभ्या आहेत. ते हसू खोटं आहे असं मी म्हणत नाही. राणी आपल्याला बघायला आली याचा आनंद खराच असणार. पण याच कामाची दुसरी बाजू त्या काळात कुणाला दाखवली जात नव्हती. ५ डिसेंबर १९१६ च्या रात्री लीड्सजवळच्या बार्नबो कारखान्यात स्फोट झाला आणि ३५ बायका मेल्या. सेन्सॉरशिपमुळे कारखान्याचं नावही छापून आलं नाही. उरलेल्या बायकांनी काम चालू ठेवलं. समीक्षक म्हणून माझा पहिला आक्षेप हा आहे. ज्या काळात कारखान्यातला राजा पहिल्या पानावर असतो, त्याच काळात कारखान्यातलं मरण छापायला बंदी असते. ही दोन चित्रं शेजारी शेजारी ठेवून बघितल्याशिवाय पहिल्याचा अर्थ लागत नाही.

पण एकतर्फी लिहायचं नाही, म्हणून हेही सांगतो, की १९१७ च्या जूनमध्ये 'ऑर्डर ऑफ द ब्रिटिश एम्पायर' सुरू झाली आणि तिचं पदक दारूगोळा कारखान्यांतल्या साध्या कामगारांना, त्यात बायकांनाही, मिळालं. पदकाबरोबर नाव छापावं लागतं. राजाच्या भेटींनी जे जमलं नाही, ते एका छोट्या पदकाने थोडंसं जमवलं.

आता आपल्याकडे येऊ. हिंदुस्थानात राजा नव्हता, व्हाइसरॉय होता, म्हणजे राजाचीच सावली. पहिलं महायुद्ध संपून दोन महिने होत नाहीत तोच, २ जानेवारी १९१९ रोजी, व्हाइसरॉय लॉर्ड चेम्सफर्ड साकचीच्या टाटांच्या पोलाद कारखान्यात आले. युद्धात या कारखान्याने मेसोपोटेमियातल्या आघाडीसाठी सुमारे दीड हजार मैल लांबीचे रूळ पुरवले होते. व्हाइसरॉयनी त्याचे जाहीर आभार मानले आणि साकचीचं नाव जमशेदपूर केलं. हा कारखाना बिहारात (आता ते झारखंड) असला तरी त्याची नाळ मुंबईत आहे. १९०७ साली भांडवलासाठी आवाहन झालं तेव्हा टाटांच्या मुंबईतल्या कचेरीवर लोकांची रांग लागली आणि तीन आठवड्यांत सुमारे आठ हजार हिंदी लोकांनी सगळे पैसे उभे केले. म्हणून ही भेट आपल्या घरचीच.

या भेटीचं कौतुक मला आहे. परकीय सत्तेच्या प्रतिनिधीला एका हिंदी माणसाचं नाव गावाला द्यावं लागलं, ही लहान गोष्ट नव्हे. टाटांनी १९१२ मध्येच आठ तासांचा दिवस लागू केला होता, हेही त्यांच्या खात्यावर जमा आहे. पण नाटक तिथे संपत नाही. युद्धाने महागाई भडकली होती आणि पगार मागे पडले होते. व्हाइसरॉय येऊन गेल्यानंतर चौदा महिनेही झाले नाहीत, तोच १९२० च्या फेब्रुवारीत याच कारखान्यात मोठा संप झाला. मार्चमध्ये गोळीबार झाला, त्यात माणसं मेली. ज्यांच्या रुळांनी साम्राज्य वाचलं म्हणून भाषण झालं, त्यांतलेच हे लोक. जमशेदपूरच्या नामकरणाची तारीख सहज सापडते. त्या मार्च महिन्यात मेलेल्यांची नावं सांगणारा कुणी मला अजून भेटलेला नाही.

याउलट एक राजा आपल्याकडे असाही होता, की ज्याने भेटीपेक्षा जमीन दिली. १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांवर बेळगावची जागा सोडायची वेळ आली. तेव्हा औंधचे भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी आपल्या संस्थानातलं, कुंडल स्टेशनजवळचं निवडुंगाने भरलेलं माळरान त्यांना दिलं, वर कर्जाऊ पैसेही दिले. त्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. पुढे चारच वर्षांत महायुद्ध आलं, बाहेरून येणारं कच्चं लोखंड आणि कोळसा मिळेनासा झाला, तरी नांगर निघत राहिले. बाळासाहेब स्वतः चित्रकार, रामायणावरची त्यांची चित्रं प्रसिद्ध आहेत. चित्रात आपण कुठे उभं राहायचं हे त्यांना कळत असणार. १९३९ च्या सुरुवातीला, म्हणजे दुसरं महायुद्ध पेटायच्या काही महिने आधी, त्यांनी आपल्या प्रजेला स्वराज्याची घटना दिली आणि स्वतःची सत्ता आपण होऊन सोडली. चौकटीच्या मधोमध उभं राहायचा हक्क असताना बाजूला सरकलेला राजा, असं त्यांचं वर्णन करावंसं वाटतं.

आता या दुसऱ्या महायुद्धाकडे आणि आपल्या अंगणाकडे वळतो. अमेरिकेला राजा नाही हे खरं, पण युद्धकाळातला अध्यक्ष काही कमी नसतो. फ्रिस्कोहून १२१ नंबरच्या रस्त्याने नैर्ऋत्येला गेलं की तास-सव्वा तासात फोर्ट वर्थच्या पश्चिम टोकाला तो अवाढव्य विमान कारखाना लागतो. आज तिथे एफ-३५ बनतं आणि आपल्यातली काही मंडळी तिथे नोकरीलाही आहेत. १९४१ च्या एप्रिलमध्ये तिथे बांधकाम सुरू झालं आणि वर्षभरात पहिलं बी-२४ लिबरेटर बाहेर पडलं. युद्ध संपेपर्यंत तिथून तीन हजारांवर लिबरेटर निघाली. त्या वेळी आपलं फ्रिस्को म्हणजे रेल्वेकाठचं कापसाचं एक छोटं गाव होतं. गावाचं नावसुद्धा रेल्वे कंपनीवरूनच पडलेलं.

२८ सप्टेंबर १९४२ रोजी अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट या कारखान्यात आले. १७ सप्टेंबर ते १ ऑक्टोबर अशा दोन आठवड्यांच्या देशव्यापी दौऱ्यातला हा एक मुक्काम. डेट्रॉइटचे रणगाडे, सिएटलची बोइंगची विमानं, पोर्टलंडला दहा दिवसांत बांधलेलं जहाज, असं बघत बघत ते टेक्ससला पोचले. गंमत म्हणजे हा सगळा दौरा गुप्त! बरोबर वृत्तसंस्थांचे फक्त तीन वार्ताहर, आणि अध्यक्ष वॉशिंग्टनला परत पोचेपर्यंत एक ओळही छापायची नाही अशी अट. पोर्टलंडला हजारो कामगारांसमोर रूझवेल्टनी थट्टेने सांगितलंही, की मी इथे आहे हे कुणाला माहीत असायचं नाहीये. हजारो लोकांनी डोळ्यांनी बघितलं आणि गावच्या पेपराला ते छापता आलं नाही. संपादक चिडले, त्यांनी जाहीर तक्रारही केली.

या प्रयोगात एक गोष्ट फार वेगळी होती. पोलिओमुळे रूझवेल्टना चालता येत नसे. त्यामुळे बहुतेक कारखान्यांत त्यांची उघडी मोटार सरळ आतच नेली जायची, जुळणीच्या रांगेला समांतर. त्यामुळे सुरुवातीला वर्णन केलेलं ते ठरलेलं चित्र इथे जमतच नाही. राजा यंत्रावर वाकत नाही, तो बसलेला आहे आणि कामगार उभे आहेत. काही चित्रांत ते विमानाच्या पंखांवर उभे राहून खाली अध्यक्षांकडे बघताहेत. नजरेची दिशाच उलटी झाली. मला ही चित्रं ब्रिटिश चित्रांपेक्षा जास्त खरी वाटतात. त्यांत कारखाना पाहुण्यासाठी थांबल्यासारखा वाटत नाही, पाहुणाच कारखान्यातून सरकत जातो.

पण इथेही चौकटीबाहेर कोण आहे हे विचारायला हवं. १९४१ च्या जूनमध्ये याच रूझवेल्टनी, कामगार नेते ए. फिलिप रँडॉल्फ यांनी मोर्चाची धमकी दिल्यावर, ८८०२ क्रमांकाच्या आदेशावर सही केली होती. युद्धसामग्रीच्या कारखान्यांत वर्णभेद करायचा नाही, असा तो आदेश. पण टेक्ससमध्ये तेव्हा भेदभाव कायद्यानेच चालत होता. काळ्या माणसांच्या हाती विमान कारखान्यांत मुख्यतः झाडू आणि ओझीच आली. अध्यक्षांच्या गाडीसाठी स्वच्छ केलेली जमीन कुणी झाडली असेल, हा प्रश्न त्या न्यूजरील्स बघताना मला सोडत नाही. सही करणारा हात आणि झाडू धरणारा हात एकाच छताखाली आले, एकाच चित्रात आले नाहीत.

या कारखान्याचा आपल्याशी आणखी एक धागा आहे आणि तो मला फार आवडतो. युद्ध संपल्यावर ब्रिटिश हवाई दलाने आपली कितीतरी लिबरेटर विमानं कानपूरला टाकून दिली, आणि ती पुन्हा उडू नयेत म्हणून मोडूनतोडून ठेवली. स्वातंत्र्यानंतर आपल्या हवाई दलाला बॉम्बफेकी विमानं हवी होती. तेव्हा बंगलोरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्टच्या लोकांनी त्या भंगारातून चाळीसच्या आसपास विमानं डागडुजी करून बंगलोरला उडवत नेली आणि पुन्हा धडधाकट केली. ही कंपनी म्हणजे १९४० च्या डिसेंबरमध्ये सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी म्हैसूर संस्थानाच्या साथीने काढलेली. त्यांतली काही विमानं पुण्याच्या लोहगावहून समुद्रावर टेहळणी करायची, ती १९६८ पर्यंत. त्या ताफ्यातलं एक विमान पुढे मॅसॅच्युसेट्सच्या कॉलिंग्ज फाउंडेशनने मिळवलं आणि ते अनेक वर्षं अमेरिकाभर उडत होतं. ते बनलं होतं १९४४ च्या ऑगस्टमध्ये, आपल्या या फोर्ट वर्थमध्ये! रिव्हेट मारणारे हात टेक्ससचे आणि मोडलेलं सांधणारे हात आपले. त्या दोघांची भेट कधी झाली नाही आणि कुठल्याही राजाने ती घडवली नाही. पण मला ती राजाच्या भेटीपेक्षा मोठी वाटते.

मग कारखान्याचं चांगलं युद्धचित्र असतं तरी कसं? दोन उदाहरणं देतो. आपल्यापैकी बरेच जण लाँग वीकेंडला आर्कान्सासमधल्या बेंटनव्हिलला जातात. तिथल्या क्रिस्टल ब्रिजेस म्युझियममध्ये नॉर्मन रॉकवेलचं 'रोझी द रिव्हेटर' हे मूळ तैलचित्र आहे. २९ मे १९४३ च्या 'सॅटर्डे इव्हनिंग पोस्ट'चं ते मुखपृष्ठ. मांडीवर रिव्हेटगन, हातात सँडविच, पायाखाली हिटलरचं पुस्तक. समोर उभं राहिलं की छाती दडपते. पण रोझी खरी नाही. चित्रासाठी बसलेली मुलगी टेलिफोन ऑपरेटर होती. रॉकवेलने तिचे दंड फुगवले आणि बैठक मायकेलअँजेलोच्या प्रेषितासारखी केली. म्हणजे राजाला काढून त्याच्या जागी एक राणीच बसवली.

त्याच वर्षी ब्रिटनमध्ये लॉरा नाइट या चित्रकर्तीने रूबी लॉफ्टस नावाच्या एकवीस वर्षांच्या मुलीचं चित्र काढलं. ती वेल्समधल्या न्यूपोर्टच्या सरकारी तोफखाना कारखान्यात बोफोर्स तोफेच्या ब्रीच-रिंगचे आटे पाडत असे. एरवी वर्षानुवर्षं उमेदवारी केलेल्या माणसालाच द्यायचं असं हे काम. चित्रात रूबी लेथवर वाकली आहे आणि तिची नजर हत्याराच्या टोकावर खिळली आहे. कुणी पाहुणा नाही, कुणाकडे बघून हसणं नाही. आणि चित्राच्या नावातच रूबीचं पूर्ण नाव आणि तिचं काम आहे. ज्याने कधी लेथ चालवला आहे, त्याला ती नजर लगेच ओळखू येईल. हातात बोट जाईल अशा अंतरावर धारदार पोलाद फिरत असतं, तेव्हा समोर राजा आला तरी मान वर करायची नसते. माझ्या मते भेटींच्या शेकडो छायाचित्रांपेक्षा हे एक चित्र त्या काळाची खरी साक्ष देतं.

तेव्हा मंडळी, परीक्षणाचा निष्कर्ष सांगून टाकतो. राजाने कारखान्यात जाऊ नये असं मी म्हणणार नाही. घाबरलेल्या, थकलेल्या माणसांना कुणी मोठं माणूस आपल्या दारात आलं याचा धीर वाटतो आणि युद्धात धीर ही फुकटची वस्तू नसते. पण असं चित्र किंवा न्यूजरील बघताना तीन प्रश्न विचारावेत. पाहुण्यासाठी काम थांबवलं होतं, की पाहुणा कामातून गेला? खालच्या ओळीत यंत्रावरच्या माणसाचं नाव आहे का? आणि पाहुणा गेल्यावर वर्षभरात त्या माणसाचं काय झालं? आपल्या मुलांना इथल्या शाळेत असल्या चित्रांवर निबंध लिहावे लागतात. त्यांना हे तीन प्रश्न दिले तर निबंध नक्की वेगळा होईल.

आणि एक विनंती. आपल्या मंडळात कितीतरी घरं अशी आहेत की ज्यांचे आजोबा-पणजोबा खडकी, देहूरोड, अंबरनाथ, भुसावळ इथल्या दारूगोळ्याच्या नाहीतर रेल्वेच्या कारखान्यांत होते. त्यांच्या ट्रंकेत एखादा पिवळा पडलेला ग्रुप फोटो असतोच. मधोमध खुर्चीत कुणी साहेब, मागे चार रांगा. पुढच्या वेळी भारतात जाल तेव्हा घरातल्या सगळ्यांत वयस्कर माणसाजवळ तो फोटो घेऊन बसा. खुर्चीतल्या साहेबाचं नाव विचारू नका, ते कुठल्यातरी दप्तरात असेल. तिसऱ्या रांगेत डावीकडून पाचवा कोण, ते विचारा आणि मागच्या बाजूला पेन्सिलीने लिहून ठेवा.